राहिलेला ठोका

“पण मोडक्या लोखंडाला हार कशाला, उस्ताद?”

खंडेनवमीची सकाळ. शेड झाडून झालेली. हत्यारं रॉकेलनं धुऊन, पुसून फळीवर मांडलेली. आणि भूपाल चौगुले झेंडूची ताजी माळ हातात धरून भिंतीकडं बघत उभा.

भिंतीवर काय होतं म्हणाल, तर वाळलेल्या माळांचा ढीग. चांगला दोन हात लांब. माळेवर माळ, तिच्यावर आणखी माळ. खालच्या पार काळ्या पडलेल्या, हात लावला तर चुरा व्हाव्यात अशा. त्यांच्या आत लोखंडाचा वाकडा तुकडा आहे एवढं सगळ्यांना ठाऊक. दिसला मात्र कुणालाच नव्हता. दर खंडेनवमीला दस्तगीर उस्ताद नवी माळ वरून चढवायचे आणि जुनी कुणाला काढू द्यायचे नाहीत.

“पूजा करायची तर धडधाकट हत्याराची करावी,” भूपाल म्हणाला. “मोडलं ते भंगार.”

उस्ताद स्टुलावर बसून बशीतनं चहा पीत होते. त्यांनी फुंकर मारली. घोट घेतला.

“झालं बोलून?”

“हं.”

“मग माळ ठेव खाली. आधी काम दाखव.”

भूपालला तेच हवं होतं.

मिरजेहून म्हैसाळकडं निघालं की डाव्या अंगाला ही पत्र्याची शेड लागते. तोंड फुटलेली गाडी इथं यायची आणि चार दिवसांनी अशी जायची, की धडक कुठं बसली होती ते मालकालाच सापडू नये. शेड मुळात सदूमामा पांचाळांची. सदूमामा म्हणजे दस्तगीर उस्तादांचे उस्ताद. ते गेले, शेड शागिर्दाकडं आली, आणि शेडीबरोबर तिची रीतही आली.

रीत अशी. काम झालं की शागिर्दानं हात पुसून बाजूला व्हायचं. उस्तादांनी आपली छोटी हातोडी घ्यायची, केलेल्या जागी दोन ठोके मारायचे आणि कान द्यायचा. आवाज पटला तर गाडी जाणार. नाही पटला तर काम पहिल्यापासून. ठोका पडल्याशिवाय गाडी उंबऱ्याबाहेर नाही, मग मालक कलेक्टर का असेना.

आणि खंडेनवमीला ज्या शागिर्दाच्या हातात उस्ताद तशी हातोडी देतील, तो मोकळा. त्यानं आपलं दुकान टाकावं, आपले ठोके आपण मारावेत. आजवर दोघांना मिळाली होती. एक जयसिंगपूरला बसला, एक कागवाडला.

भूपालला अकरा वर्षं झाली होती. हात असा, की पत्रा त्याच्यापुढं मेणासारखा वळायचा. हे गिऱ्हाईकं म्हणायची, शेजारचा टायरवाला म्हणायचा, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत जास्त भूपाल स्वतः म्हणायचा. त्यानं बसस्टँडमागं जागा बघून ठेवली होती. पाटी रंगवून झाली होती. ती पूजेसाठी म्हणून शेडीतच आणून, चादरीखाली झाकून उभी केली होती. उद्या दसरा. उद्या नारळ.

राहिली होती ती फक्त हातोडी.

“या उस्ताद. असं समोरनं बघा.”

अण्णा खोतांची पांढरी गाडी मधोमध उभी होती. पुढचा बंपर काढून भूपालनं मुद्दाम बाजूला ठेवलेला. गाडीचं तोंड उघडं.

“ही जोतिबाच्या चढाला तापायची. तिघांनी बघितली. एकानं रेडिएटर बदलला, एकानं पंखा बदलला, एकानं तर नवस बोलायला सांगितलं. तरी तापायचीच! तुम्ही पंधरा दिवस अथणीला लेकीकडं गेला होता ना, तेव्हा माझ्याकडं आली. मी नुसता बसून राहिलो हिच्यासमोर. दीड तास. आणि मग कळलं… वारा कुठं अडतोय ते.”

त्यानं बोट दाखवलं.

बंपरच्या मागं एक आडवी लोखंडी पट्टी असते. गाडीच्या या अंगापासून त्या अंगापर्यंत, डाव्या दांड्यावर एक टोक, उजव्या दांड्यावर दुसरं. बाहेरून कुणाला दिसत नाही. त्या पट्टीत भूपालनं भोकं पाडली होती.

सहा भोकं. पेल्याच्या तोंडाएवढी. एका ओळीत, एका मापाची, कडा घासून गुळगुळीत केलेल्या, वरून काळा रंग. नथीतल्या मोत्यांसारखी देखणी.

“आता वारा थेट आत. काल म्हैसाळच्या पुलापर्यंत तीनदा पळवली. काटा जागचा हलला नाही!”

उस्तादांच्या हातातली बशी कलली.

चहा ओघळला तो त्यांच्या गुडघ्याखाली, पायजम्यावर. वाफा निघत होत्या. भूपाल “अहो अहो” म्हणत पुढं झाला. पण उस्तादांनी पाय हलवला नाही. त्यांना चटका बसलाच नसावा. ते त्या भोकांकडं बघत होते, अन् तोंडावरचं रक्त उतरलं होतं.

भूपालला वाटलं, काम बघून थक्क झाले.

“कशानं पाडलीस?”

“गोल करवतीनं. एकेका भोकाला वीस मिनिटं. घाई केली नाही.”

“आतलं लोखंड?”

“म्हणजे?”

“भोकातनं निघालं ते. कुठं टाकलंस?”

भूपाल हसला. याचीच तो वाट बघत होता. गेला, आणि चादर ओढून पाटी उघडी केली. ‘भूपाल मोटर्स’. अक्षरांच्या वर लोखंडाच्या सहा गोल चकत्या खिळ्यांनी ठोकलेल्या, आरशासारख्या घासलेल्या.

“टाकलं नाही, उस्ताद. माझं पहिलं डोक्याचं काम. म्हटलं, लोकांना दिसू दे.”

उस्ताद पाटीकडं बघत राहिले.

मग म्हणाले, “दिसतंय.”

बाहेरून एक ट्रक गेला. फळीवरची हत्यारं किणकिणली.

“ही पट्टी गाडीला कशाला असते रे?”

भूपालला राग आला. अकरा वर्षांच्या शागिर्दाला हे विचारायचं?

“धडक अडवायला.”

“अडवायला नव्हे. वाटायला.”

उस्तादांनी पट्टीकडं बोट केलं. “मार एका जागी बसतो. ही तो वाटून टाकते. अर्धा या दांड्याला, अर्धा त्या दांड्याला. बसलेल्या माणसाच्या वाट्याला होईल तेवढं कमी ठेवते. पंगतीतल्या म्हाताऱ्या वाढणाऱ्यासारखी. आणि ती मधेच दुमडली तर?”

“दुमडेल कशी?” भूपाल तडकला. “बैलगाडीच्या चाकात भरीव लोखंड असतं का? आरेच असतात ना? मधे सगळी पोकळीच! तरी चाक टनभर ऊस वाहतं. मधमाशीचं पोळं बघा. भोकंच भोकं, आणि किलोभर मध पेलतं. आणि कडा मी आत वळवून घेतल्यात. उलट ताकद वाढली असेल.”

“असेल.”

“असेलच!”

“चाक करणाऱ्यानं पोकळी आधी धरली होती. मग आरे घातले,” उस्ताद हळूच म्हणाले. “तू भरलेलं पोकळ केलंस.”

त्यांनी फळीवरची हातोडी उचलली. खाली बसायला त्यांना वेळ लागला. डावा पाय त्यांचा वाकत नसे. बाजूला लांब करून, हातावर भार देऊन ते बसले. सगळ्या शेडीला ते बसणं सवयीचं होतं. पाय असा का, हे कुणी विचारलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाचे पाय असतात तसे असतात.

पट्टीच्या टोकाला, जिथं ती भरीव होती, तिथं त्यांनी ठोका मारला.

टण्ण…

आवाज पट्टीभर पळाला. देवळाच्या घंटेसारखा उशिरापर्यंत थरथरत राहिला.

मग दोन भोकांच्या मधे, उरलेल्या चिंचोळ्या जागेवर.

थप.

भूपालनं ऐकलं. आणि मान फिरवली.

“काम तुझं चोख आहे,” उस्ताद म्हणाले. “माझ्यापेक्षा चांगलं.”

भूपालचा ऊर भरून आला. काही झालं तरी माणूस दिलदार आहे, त्याच्या मनात आलं.

“मी पाडलेली एवढी गोल नव्हती.”

भूपालला आधी कळलंच नाही.

“कधी… काय पाडलेलं?”

उस्ताद उठले. स्टूल भिंतीला लावलं. एक पाय वर, मग दुसरा ओढून. आणि अकरा वर्षांत कुणाला जे करू दिलं नव्हतं, ते त्यांनी आपल्या हातानं केलं. माळ उतरवली. वरची, गेल्या वर्षीची. मग तिच्या खालची. तिच्या खालची.

माळा जमिनीवर पडत होत्या. वाळका झेंडू पायात विखुरत होता. भूपाल मोजत होता आणि मोजता मोजता विसरत होता. शेवटच्या माळांची फुलं उरलीच नव्हती. नुसते दोरे होते.

सगळे मिळून अठ्ठावीस दोरे.

मग लोखंड दिसलं.

तशीच पट्टी. तितकीच लांब असणार, पण आता कळत नव्हतं, कारण मधोमध ती पानाच्या विड्यासारखी दुमडली होती. जिथं दुमडली होती, तिथं भोक होतं. बरोब्बर भोकावरच. त्याच्या शेजारी दुसरं भोक, फाटून लांबडं झालेलं. पलीकडं आणखी दोन.

भूपाल दोन पावलं पुढं आला.

“हे… सदूमामांचं ना? आम्ही समजत होतो, त्यांचं काही हत्यार…”

“काम माझं.”

“तुम्ही?”

“दोन भोकं मोठे दिवे बसवायला.”

“आणि ही दोन?”

“दिसायला.” उस्ताद स्टुलावरच उभे होते, भिंतीकडं तोंड करून. “दोनच बरी दिसेनात. म्हणून आणखी दोन.”

भूपालनं त्या दोन भोकांकडं बघितलं.

“गाडी कुणाची होती?”

“सदूमामांची.”

“मग ठोका… रीत होती ना तेव्हा पण? ठोका मारला नाही त्यांनी?”

“हातोडी घेऊन आले होते. गाडीपर्यंत आले. मग हातोडी खिशात टाकली. हसले. म्हणाले, दस्तगीर, तू केलंस ना? मग ठोका कशाला.”

उस्तादांनी पट्टीच्या दुमडीवर बोट ठेवलं. “पुढं माझ्याशेजारी बसले. मी चालवत होतो. सकाळचे दहा वाजले होते, ऊन होतं, रस्ता मोकळा. कागवाडच्या अलीकडं उसाची ट्रॉली थांबली. मला ब्रेक लागला. थोडा उशिरा लागला.”

“जोरात होता?”

“नाही रे. होती चाळीसभर.” उस्ताद थांबले. “मागच्या सीटवर अंड्यांची करंडी होती. पोचवायची होती कुणाकडं तरी. त्यातली निम्मी शाबूत राहिली.”

भूपालला पुढचं विचारायचं नव्हतं. त्यानं विचारलं.

“आणि सदूमामा?”

उस्ताद स्टुलावरून उतरले. फळीखालची पत्र्याची पेटी ओढली, तळातनं एक जुनं पिवळं पाकीट काढलं आणि भूपालच्या हातात दिलं.

“ते तिथंच गेले. मी ह्या पायावर सुटलो. दारात उजेडात धर.”

आत एक्स-रे होता. भूपालनं तो दाराशी नेऊन उन्हासमोर धरला. पायाचं हाड. गुडघ्याखालचं. हाडाला लागून एक सरळ, पांढरीफेक लोखंडी पट्टी. आणि त्या पट्टीत एका ओळीत, एका मापाची, गोल…

त्यानं मोजली. पुन्हा मोजली. बोट ठेवून मोजली.

सहा भोकं. चारांत स्क्रू. दोन रिकामी.

मागं वळून बघायचा धीर होईना. मागं गाडी उभी होती, आणि तिच्या तोंडाशी अगदी असंच होतं. त्यानंच केलेलं. वीस वीस मिनिटं घालून.

आणि तेवढ्यात रिक्षा येऊन थांबली.

“भूपाल! अरे विश्वकर्म्या! झाली का आमची राणी तयार?”

अण्णा खोत उतरले. मोठं पोट, मोठा आवाज, कपाळाला गुलाल आधीच लावलेला. पाठोपाठ त्यांची बायको पिशव्या घेऊन. आणि सगळ्यांत शेवटी अण्णांची आई, आक्का. रिक्षातनं त्यांना दोघांनी धरून उतरवावं लागलं.

“काय चाचा, आलात का अथणीहून? तुमच्या चेल्यानं कमाल केली बरं का! काल फोनवर मला सांगत होता, काटा हलत नाही म्हणून. मी म्हटलं, काटा नाही हलला तर जोतिबाला तुझ्या नावानं वेगळा नारळ फोडतो. आणि उद्या दुकानाचा नारळ पण माझ्याच हातानं. काय?”

उस्तादांनी मान लववली.

“बंपर अजून बाहेरच? लाव लाव. दहा मिनिटांचं काम. आक्का, तू बस आत. पुढं बस.”

“पुढंच बसणार मी,” आक्का म्हणाल्या. “मागं माझे गुडघे दुमडत नाहीत बाई. पुढं कसे पाय लांब करता येतात.”

भूपाल काही बोलायच्या आत म्हातारी दार उघडून बसलीसुद्धा. पदर सावरला. चपला काढल्या. सुजलेले पाय पुढं लांब केले, आणि सुखाचा श्वास सोडला.

भूपाल त्या पायांकडं बघत राहिला. बोटात चांदीचं जोडवं. घोट्यावर निळ्या शिरा. त्या पायांच्या पुढं पत्रा, त्याच्या पुढं इंजिन, त्याच्या पुढं सहा भोकं.

“अरे असा भूत बघितल्यासारखा काय उभा राहिलास?” अण्णा म्हणाले.

भूपालनं उस्तादांकडं बघितलं. त्यांनीच सांगावं. त्यांनी एक शब्द म्हटला की अण्णा ऐकतील, आणि शागिर्दाची अब्रूही झाकली जाईल. म्हाताऱ्यानं नुसतं म्हणावं, दोन दिवस लागतील, रंग ओला आहे. काहीही म्हणावं.

उस्ताद म्हणाले, “ठोका मारायचा राहिलाय.”

अण्णा खो खो हसले. भूपालच्या पाठीवर त्यांनी धप्पकन थाप मारली.

“चाचा, अहो ह्यानं केलंय ना? मग ठोका कशाला!”

भूपाल वळून भिंतीवरच्या दुमडलेल्या पट्टीकडं बघू लागला.

तेच शब्द. आत्ता, या शेडीत, या भिंतीपुढं. म्हणणाऱ्याला माहीत नाही कुणाचे ते.

उस्तादांनी डोळे मिटले होते.

आक्का आतनं म्हणत होत्या, “उशीर होतोय रे अण्णा…”

भूपाल दाराशी गेला. किल्ली गाडीलाच होती. ती काढून त्यानं मुठीत घेतली.

“आक्का, उतरा.”

“आँ?”

“उतरा खाली. हात धरा माझा.”

“अरे काय चाललंय तुझं?” अण्णांचं हसू गेलं.

“गाडी जाणार नाही, अण्णा. माझी चूक झालीय. ही आतली पट्टी बघा. मी भोकं पाडलीत. गाडी तापणार नाही ह्यानं, पण कुठं धडकली तर… पुढं बसलेल्याचे पाय राहायचे नाहीत. माणूससुद्धा राहायचं नाही कदाचित. नवी पट्टी कोल्हापूरहून मागवतो. सण झाला की येईल. माझ्या पदरच्या पैशानं बसवतो. गाडी तापते त्याला दुसरं काही शोधतो. पण आज हिला मी बाहेर सोडत नाही.”

हे सगळं तो एका दमात बोलला. नाहीतर बोलताच आलं नसतं.

अण्णा वाकून बघत होते. गळ्याशी रक्त चढत होतं.

“काल काय म्हणालास फोनवर? डोक्याचं काम! हे डोकं? माझी आई बसणार होती पुढं!”

“हो.”

“हो म्हणतोस वर?”

“हो, अण्णा.”

“आणि उद्या दुकान काढतोय म्हणे! कुणाच्या गाड्या फोडायला? मी स्वतः येणार होतो नारळ फोडायला, हार घालून. आता बघतोच, मिरजेतला कुठला माणूस तुझ्या दारात गाडी लावतोय ते. सांगतोच सगळ्यांना!”

“सांगा,” भूपाल म्हणाला. “सांगायलाच पाहिजे.”

अण्णांचं तोंड उघडं राहिलं. भांडायला आलेल्या माणसासमोर भिंतच नसली म्हणजे होतं तसं झालं.

आक्का भूपालचा हात धरून उतरल्या. चपला शोधत होत्या, तर त्यानं वाकून पुढं केल्या. म्हातारीनं एकदा त्या भोकांकडं बघितलं, एकदा आपल्या गुडघ्यांकडं.

“चल रे अण्णा, एसटीनं जाऊ,” त्या म्हणाल्या. “देव काय डोंगर सोडून चाललाय का?”

रिक्षा गेली. अण्णांचा आवाज म्हैसाळच्या फाट्यापर्यंत ऐकू येत होता.

शेजारचा टायरवाला दारात येऊन उभा राहिला होता, हातात प्रसादाची वाटी घेऊन. त्यानं सगळं ऐकलं असणार. तो वाटी उंबऱ्यावर ठेवून तसाच माघारी गेला.

भूपाल पाटीपुढं जाऊन बसला. ‘भूपाल मोटर्स’. सहा चकत्या उन्हात लखलखत होत्या. डोळ्यांत जात होत्या. त्यानं नखानं एक उचकटून बघितली. खिळा घट्ट. त्यानं स्वतःच मारला होता, घट्ट असणारच. बोटातनं रक्त आलं, तरी तो ओढतच राहिला.

मागनं पाय ओढत येणारी पावलं ऐकू आली. खांद्यावरून एक हात पुढं झाला.

हातात हातोडी होती. छोटी. सदूमामांची.

भूपालनं ती घेतली. दुसऱ्या टोकानं खिळे उचकटले. एकेक चकती फरशीवर पडत होती, गिरक्या घेत होती, आडवी होऊन गप्प बसत होती. सहाही निघाल्या. पाटीवर सहा भोकं राहिली, खिळ्यांची, बारकी.

हातोडी परत द्यायला त्याचा हात वर झाला.

उस्ताद तिथं नव्हते. ते गाडीशी जाऊन पट्टीचे बोल्ट सोडवत बसले होते, एक पाय लांब करून. हातोडीकडं त्यांनी बघितलंही नाही. तेव्हा नाही, त्यानंतरही कधी नाही.

दोघांनी मिळून पट्टी उतरवली. दोन्ही टोकं धरून भिंतीकडं नेली. नवी, काळी, देखणी, कुठं ओरखडा नाही. भूपालनं भिंतीवरच्या दुमडलेल्या पट्टीकडं बघितलं. अठ्ठावीस वर्षांनी ती उघडी पडली होती, आणि फार लाजल्यासारखी दिसत होती.

“हिला भंगारात टाकू?” त्यानं हातातल्या पट्टीकडं मान करून विचारलं.

उस्तादांनी डोकं हलवलं. भिंतीत दुसरा खिळा ठोकायला लावला. भूपालची पट्टी जुनीच्या खाली टांगली गेली.

मग भूपालनं सकाळची माळ उचलली. ताजी होती अजून. तो दोन पट्ट्यांसमोर उभा राहिला. वर मोडकी. खाली धड.

माळ एकच होती.

“कुठल्या लोखंडाला घालू, उस्ताद?”

उस्तादांनी माळ त्याच्या हातातनं घेतली. दोन्ही हातांनी धरली, आणि मधोमध तटकन तोडली. चार फुलं खाली सांडली. अर्धी माळ स्वतःकडं ठेवली, अर्धी भूपालच्या हातात दिली.

“मोडलेल्याला मी घालतो,” ते म्हणाले. “तू न मोडलेल्याला घाल.”